नियमात बसेल तेवढाच दोर

माझा धंदा बोअरवेलमधली मोटार काढायचा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पाणी खोल गेलंय, त्यामुळं कामाला तोटा नाही. बोअरवर तिपाई उभी करायची, चेन पुली टांगायची आणि पाइपाचा एकेक तुकडा सोडवत मोटार वर आणायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळं दोर आणि कप्पी या दोन गोष्टी आपल्याला कळतात, अशी माझी समजूत होती. धुळ्याच्या देवपुरात वाढलेली माझी भाची नोकरीसाठी मुंबईला गेली, तिथं शिडाची होडी चालवायला शिकली आणि तिनं एक जुनी होडी विकत घेतली. मग तिचा फोन आला. "मामा, होडीचे दोर पार कुजलेत. वारा वाढला की ओढताना हातातली ताकद संपते. तुम्ही जरा कप्प्यांचं बघाल का?" मी लगेच हो म्हटलं. शिडाची होडी मी तोवर जवळून पाहिलेलीही नव्हती. तापीत भोई बांधवांच्या डोंग्या पाहिलेल्या. त्या वल्ह्यावर आणि बांबूवर चालतात. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की होडीला दोर कशाला लागतात हेच मला विचारायचं सुचलं नव्हतं.

मुंबईत एका क्लबाच्या आवारात ती होडी पालथी घातलेली होती. जुने लोक तिला लेझर म्हणतात; २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए. सव्वाचार मीटरच्या आसपास लांब, नुसत्या सांगाड्याचं वजन साठ किलोच्या आतबाहेर, चालवणारा माणूस एकच. डोलकाठी दोन तुकड्यांची. एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा, त्यावर शिडाच्या कडेला शिवलेली लांब बाही चढवायची आणि सगळं उचलून होडीच्या पुढच्या भागातल्या खोबणीत उभं करायचं. मी डोलकाठीला बाजूंनी ताण द्यायच्या तारा शोधत होतो. विजेच्या खांबालासुद्धा ताण असतो. भाची म्हणाली, "मामा, हिला तारा नाहीतच. ही वाकायलाच हवी." उभी काठी वाकू नये म्हणून आम्ही आयुष्यभर धडपडतो, इथं ती वाकवायची कशी, हेच शिकायचं होतं.

मग तिनं दोरांची ओळख करून दिली. डोलकाठी, आडवी काठी, शीड आणि ते ताणणारे दोर या सगळ्या पसाऱ्याला रिग म्हणतात. शिडाच्या खालच्या बाजूची आडवी काठी म्हणजे बूम. बूम आतबाहेर करणारा लांब दोर म्हणजे मेनशीट. हा सतत हातात असतो. बूमला खाली खेचून धरणारी कप्प्यांची जोडणी म्हणजे व्हँग. मी वहीत तिला 'बूमखेच' असं लिहिलं. शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर म्हणजे कनिंगहॅम. ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन खलाशाचं हे नाव. त्यानं १९५८ साली 'कोलंबिया' ही नौका चालवून अमेरिका कप जिंकला होता. शिडाची खालची कड मागं ओढणारा तो आउटहॉल, वहीत 'मागओढ'. हे सगळं कशासाठी, असं विचारल्यावर तिनं शीड हातानं फुगवून दाखवलं. मंद वाऱ्यात शिडाला पोट हवं, कारण त्या फुगीरपणातूनच ओढ मिळते. वारा वाढला की तेच पोट होडीला आडवं पाडतं. तेव्हा व्हँग, कनिंगहॅम आणि आउटहॉल हे तिन्ही दोर ताणून शीड सपाट करायचं. शीड म्हणजे ताणून बांधलेलं कापड, असं मी धरून चाललो होतो. ते चालता चालता आकार बदलायचं यंत्र आहे आणि दोर ही त्याची कळ आहे, हे तिथं कळलं.

तिची खरी अडचण व्हँगची होती. जोराच्या वाऱ्यात व्हँग इतका ताणावा लागतो, की बूम खाली येता येता डोलकाठीला वाकवते, काठी वाकली की शिडाचं पोट जातं. एवढी ओढ लागते आणि ती लावायची डुलत्या होडीत, एका हातानं. जुन्या व्हँगच्या कप्प्या जाम झालेल्या, दोर सुजलेला. मी रात्री बसून आराखडा काढला. स्टीलच्या चार जास्तीच्या कप्प्या, पातळ वायर रोप आणि व्हँगचं खालचं कडं थोडं पुढं सरकवून नवी भोकं. वायर रोप ताणली तरी लांबत नाही आणि कडं पुढं घेतलं की कोन सुधारतो. मोटार काढणाऱ्याच्या हिशेबानं आराखडा बिनचूक होता. सकाळी तो भाचीपुढं ठेवला, तेव्हा तिनं काही न बोलता फोनवर या होडीची नियमावली उघडून दिली.

ती नियमावली वाचायला मला बराच वेळ लागला. इंग्रजी बेताचं आणि वाक्यं कोर्टाच्या कागदासारखी लांब. मला समजला तो मूळ नियम असा: ही स्पर्धा होड्यांमधली नाही, चालवणाऱ्यांमधली आहे. म्हणून होडी बांधणाऱ्यानं जशी दिली तशीच राहील. सांगाडा, काठ्या, शीड, कडी, कड्यांच्या जागा, यातलं काहीही बदलायचं नाही. अपवाद फक्त पुढच्या भागांत नाव घेऊन परवानगी दिलेल्या गोष्टींचा. मी आधी उलटं शोधत होतो: वायर रोप चालत नाही असं कुठं लिहिलंय का? भाचीनं समजावलं, "मामा, मनाई शोधू नका. परवानगी शोधा. सापडली नाही तर ती गोष्ट चालत नाही." नौकाशर्यतींत याला बंद नियमावली म्हणतात. खुली नियमावली याच्या उलट; तिथं मनाई नसलेलं सगळं चालतं. माझ्या आराखड्यातल्या एकेका ओळीवर मी पेन्सिलीनं काट मारत गेलो. वायर रोप गेली, नवी भोकं गेली, सरकवलेलं कडं गेलं. कप्पीच्या चाकाच्या व्यासालाही मर्यादा होती, म्हणून माझ्या कप्प्याही गेल्या.

एवढं आवळून का ठेवलंय, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. उत्तर या होडीच्या जन्मात आहे. १९६९ साली कॅनडाच्या इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना फोन केला, की मोटारीच्या टपावर नेता येईल अशी साधी होडी हवी आहे. कर्बी स्वतः ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून उतरलेले आणि नौकांविषयीच्या मासिकाचे संपादक. फोनवर बोलता बोलता त्यांनी कागदावर जे रेखाटलं, तीच ही होडी. १९७१ च्या सुरुवातीला ती न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात विक्रीला आली आणि पुढं जगभर दोन लाखांहून जास्त बनल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. २००८ पासून स्त्रियांसाठीही आहे. ब्राझीलचा रॉबर्ट शाइट आणि ब्रिटनचा बेन एन्स्ली सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारच्या होडीत एकमेकांशी झुंजले, त्याच प्रकारची होडी माझ्यासमोर मुंबईत पालथी पडली होती. दरवर्षी नवी सुधारणा घेता आली असती, तर ही जुनी होडी कधीच मोडीत गेली असती आणि पगारातून पैसे साठवणाऱ्या माझ्या भाचीला शर्यतीत पाऊलही ठेवता आलं नसतं. ज्या नियमानं माझा आराखडा खोडला, त्याच नियमामुळं तिच्याकडं होडी होती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. एकाच सांगाड्यावर तीन मापांची शिडं चढतात. मोठं साधारण सात चौरस मीटरचं, मधलं पावणेसहाच्या जवळ आणि लहान ४.७ चौरस मीटरचं. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं, की हलक्या अंगाच्या माणसालाही तीच होडी झेपते. त्यावरूनच आयएलसीए ७, ६ आणि ४ अशी नावं पडली आहेत. भाची ६ चालवते. तिची ताकद कमी पडते म्हणून मी कप्प्या वाढवायला निघालो होतो. तिच्या अंगाला मानवेल इतकं शीड तर नियमानं आधीच कमी करून ठेवलं होतं.

आता परवानगीची यादी हातात घेतली. व्हँगच्या जागी मोठाच ऐवज सापडला: पंधरास एकपर्यंत जोर वाढवायला मुभा आहे. म्हणजे हातानं एक किलो ओढलं, की पलीकडं कागदावर पंधरा किलो. शिवाय नियमावलीत 'वळणबिंदू' मोजतात. हलता दोर ज्याच्याभोवती वळतो ती प्रत्येक जागा म्हणजे वळणबिंदू, मग ती कप्पी असो, दोराचा फास असो की फासात बसवलेलं थिंबल, म्हणजे खोबणीचं कडं, असो. थिंबल शब्द वाचून मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. वायर रोपच्या डोळ्यात आम्हीही थिंबल घालतो. पूर्वी या होडीवर कप्प्या फारच मोजक्या चालायच्या. तेव्हा लोकांनी दोरालाच फास बांधले, फासांत थिंबलं बसवली आणि त्यांतून दोर फिरवून फिरवून जोर वाढवला. नियम एका अक्षरानंही मोडला नाही, पण होड्या गाठींनी लगडल्या. शेवटी २००१ साली संघटनेनं सुधारित कप्प्या आणि दोर-जोडणीला रीतसर परवानगी दिली. बंद नियमावलीतसुद्धा डोकं चालवायला जागा उरते आणि ती जागा दोरात आहे, हे मला या इतिहासानं दाखवलं.

मी पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. एकच दोर पंधरा पदर करून फिरवायचा, असं पहिलं चित्र काढलं. मग घर्षण मोजलं. प्रत्येक वळणावर ताणाचा दहावा हिस्सा जातो असं धरलं, तर पंधरा पदरांतून हाती आठपटीच्या आसपासच जोर उरतो. निम्मा जोर वळणांतच संपतो. दुसरं चित्र काढलं: दुप्पट करणारी एक जोडणी, तिच्या टोकाला दुप्पट करणारी दुसरी, तिच्या टोकाला तिसरी. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ. वळणं मात्र तीनच, त्यामुळं घर्षण वजा जाऊनही जवळजवळ सातपट जोर उरतो. पंधरा पदरांचा दोर आणि तीन वळणांचा दोर, हातात येणारा जोर जवळपास सारखाच. कप्पीवर कप्पी चढवायची ही रीत मला ठाऊक होती, पण चेन पुलीत जोर वाढवायची सोय कारखान्यातूनच बसवून येते. इतकी वर्षं यंत्र वापरलं आणि त्याचा हिशेब पहिल्यांदा एका होडीमुळं मांडला.

दोर घ्यायला मी धुळ्यात आग्रा रोडवर फिरलो, जळगावच्या दाणाबाजारात फिरलो. नायलॉन मिळाला, केळीचे घड बांधायचा पीपी मिळाला, सुती मिळाला. नायलॉन ताणाखाली लांबतो. व्हँग ओढावा आणि दोरच लांबावा, तर काठी वाकणार कशी? भाचीनं मुंबईहून डायनीमाचा दोर आणला. चार मिलिमीटर जाडीचा, हाताला मेणचट, पाण्यावर तरंगणारा आणि ताणला तर जवळजवळ न लांबणारा. कशाचा बनतो म्हणून माहिती काढली, तर पॉलिथिनचा! आमच्या शेतात अंथरलेल्या ठिबकच्या नळ्या ज्या घराण्यातल्या प्लॅस्टिकच्या, त्याच घराण्याचा हा दोर. फरक एवढाच, की यात रेणूंच्या साखळ्या फारच लांब असतात आणि धागा काढताना त्या सगळ्या एका दिशेनं ओढून सरळ केलेल्या असतात, म्हणून ओढ प्रत्येक साखळीवर सारखी पडते. जळगावात राहून पॉलिथिनबद्दल काही नवं ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

बहीण देवपुरातून आलेली होती. माझ्या वर्कशॉपमध्ये तिपाईला टांगलेला बारीकसा दोर पाहून तिनं अहिराणीत विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" तुझ्या लेकीचा दोर तपासतोय, म्हटलं. मी माझी नेहमीची, मोटार टांगायची गाठ मारली आणि खाली लोखंडी वजन लावलं. दोर तुटला नाही, पण गाठ हळूहळू सरकत गेली, शेपूट आत ओढलं गेलं आणि वजन जमिनीवर आलं. डायनीमा इतका गुळगुळीत, की बऱ्याच गाठी त्याच्यावर धरत नाहीत. त्याला गाठीऐवजी गुंफण लागते. दोर आतून पोकळ विणलेला असतो. टोक सुईनं त्याच्याच पोटात सरकवायचं, साधारण जाडीच्या सत्तर पट लांबीपर्यंत. चार मिलिमीटरला हे वीतभराहून जास्त होतं. ताण आला की बाहेरची वीण आवळते आणि आतलं टोक घट्ट धरते. जितकं ओढाल तितकी पकड वाढते. आत जाणारं टोक तासून निमुळतं करावं लागतं, नाहीतर जिथं ते संपतं तिथं दोराला एकदम पायरी पडते आणि ताण तिथंच एकवटतो. माझी पहिली गुंफण बहिणीनं हातात घेतली, तिच्या शिवणाच्या सवयीनं टोक निमुळतं केलं आणि वजन लावल्यावर ती गुंफण जागची हलली नाही.

नवी जोडणी घेऊन मुंबईला गेलो. भाचीनं नियमावलीशी एकेक वळणबिंदू ताडून पाहिला. टोकाला पकडायला फास चालतो, आउटहॉल सोडल्यावर शीड पुन्हा आत यावं म्हणून लवचीक दोरी चालते. हे सगळं तिनं ओळ दाखवून पटवलं. मला एक शंका होती. डोलकाठीचा वरचा तुकडा जुना दिसत होता. वाकायचीच आहे, तर आधीच थोडी वाकवून ठेवली तर व्हँगला कमी ओढ लागेल, असं मी बोलून गेलो. कायमचा बाक असलेली काठी वापरायची नाही, हेही नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. अॅल्युमिनियमचा वरचा तुकडा वारंवार वाकायचा आणि जोडाजवळ मोडायचा, म्हणून २०१७ मध्ये संघटनेनं सगळ्यांसाठी एकाच मापाचा कंपोझिटचा तुकडा मंजूर केला, असं भाचीनं सांगितलं. माझ्या मनात येणारी प्रत्येक पळवाट माझ्या आधी कुणाच्या तरी मनात येऊन गेली होती आणि तिचं उत्तर छापून तयार होतं.

दुपारी खाऱ्या वाऱ्याला जोर चढला. भाची होडी घेऊन निघाली आणि मी मागं देखरेखीच्या मोटरबोटीत बसलो. मुंबईच्या बंदरात मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. गिरणेच्या काठच्या माणसाला पाण्याची ही हालचाल पाहूनच गरगरतं. पहिल्याच मोठ्या झोताला होडी कलंडली. भाची सराईतपणे पाण्यात उतरली, होडीच्या पोटातून खाली आलेल्या उभ्या फळीवर चढली आणि अंगाच्या वजनानं होडी सरळ केली. मला वाटत होतं, आता ती व्हँगचा दोर धरून जोर लावेल. तसं झालं नाही. तिनं आधी मेनशीट पूर्ण आत ओढून बूम अगदी खाली दाबली. काठी वाकली, व्हँगचा दोर आपोआप ढिला पडला आणि तो ढिला दोर तिनं दोन बोटांनी ओढून अडकवला. मग मेनशीट सोडलं. बूम मात्र खालीच राहिली. कपाशीची गाडी भरताना एक जण ढिगावर चढून तो पायानं दाबतो आणि दुसरा त्याच क्षणी सैल पडलेला दोर ओढून घेतो, तेच हे. पंधरास एक जोर मिळवायला मी इतके कागद भरले आणि त्यातला बहुतेक जोर तिच्या हातातला दुसराच दोर पुरवत होता.

मग कप्प्या कशाला हव्या होत्या? हे मी तिला किनाऱ्यावर विचारलं. ती म्हणाली, "मामा, जुना व्हँग असा जाम व्हायचा, की ढिला पडलेला दोरही सरकायचा नाही. आणि वारा मरतो तेव्हा तो पटकन सोडताही यायला पाहिजे ना." माझं सगळं लक्ष ओढण्यावर होतं. सोडण्याचा विचार मी केलाच नव्हता. मोटार काढताना सोडणं म्हणजे अपघात. इथं वेळेवर सोडणं हे निम्मं कौशल्य आहे. कमी वळणांच्या जोडणीचा खरा फायदा तिथंच होता: दोर सोडला की तो क्षणात मोकळा पळत होता.

शर्यतीच्या सकाळी मला वाटलं, कुणी अधिकारी येऊन दोर मोजेल. मोठ्या स्पर्धांत तशी तपासणी होतेही. पण नौकाशर्यतींचे नियम सांगतात, की होडी आपल्या वर्गाच्या नियमांत बसते की नाही याची जबाबदारी मालकाची आणि होडी ज्याच्या हाती असेल त्याची. दुसऱ्या कुणाला शंका आली तर तो लेखी हरकत घेऊ शकतो, पण पहिला पहारेकरी स्वतः आपणच. आणि नियम बदलायचाच असेल, तर या वर्गाचे जगभरातले सभासद मत देतात. उत्तर देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश अनुकूल हवेत, शिवाय संघटनेच्या समित्या आणि जागतिक नौकानयन संस्थेची मान्यता हवी. म्हणजे एखादी सुधारणा खरोखर चांगली असेल, तर ती आपल्या एकट्याच्या होडीवर गुपचूप चढवायची नाही, सगळ्यांच्या होडीवर चढेल अशी मांडायची. लेखी नियमाबद्दल माझ्या मनात इतका आदर यापूर्वी कधी नव्हता.

सगळ्या होड्या अशा बांधलेल्या नसतात. मॉथ नावाच्या वर्गात लांबी वगैरे मोजक्या मर्यादा पाळल्या, की बाकी रचना मोकळी. तिथल्या कल्पक लोकांनी होडीला पाण्याखाली पंख लावले आणि आता त्या होड्या पाण्यावर उचलल्या जाऊन धावतात. शोध लावायला ती वाट हवीच. पण त्या वाटेवर चालायला पैसा लागतो, कार्यशाळा लागते, मागं बंदर असावं लागतं. ठरावीक साच्याच्या होडीला यातलं काही नसलं तरी चालतं. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत आयएलसीए ७ मध्ये सेनादलाच्या विष्णू सरवणननं कांस्य मिळवलं. देवासला समुद्र नाही. जळगावलाही नाही, पण हतनूरचं धरण आहे, वाघूर आहे, गिरणा आहे. धुळ्याला नकाणे तलाव आहे. जळगावातून भोपाळ जवळजवळ मुंबईइतकंच लांब आहे. नेहाची बातमी मी त्या वर्षी वाचली असेल, तरी माझ्या ध्यानात राहिली नव्हती. होडीला हात लागल्यावरच तिचा अर्थ कळला.

भाची त्या शर्यतीत मागच्या गटात आली. किनाऱ्यावर आल्यावर मी सवयीनं विचारलं, दोर कुठं अडकला का? ती म्हणाली, "नाही मामा, दोर छान चालला. वळसा घेताना मीच उशीर केला. वारा कुठून फिरतोय ते मला दिसलंच नाही." तिच्या शेजारून पुढं गेलेल्या मुलीच्या होडीचे दोर मी जवळ जाऊन पाहिले. शीड तेच, काठी तीच, वळणंही आमच्याइतकीच. आमच्या होडीत आता सांगण्यासारखी काही सबब उरली नव्हती, आणि नियम तयार करणाऱ्यांना हेच हवं होतं, हे मला तिथं पुरतं पटलं. भाची आता वारा वाचायला शिकते आहे. मेनशीटचा दोरही जुना झालाय, त्याला काय चालतं ते मी नियमावलीत शोधतो आहे. या वेळी परवानगीच्या रकान्यापासून सुरुवात केली आहे. आणि धरणाच्या काठी अशा दोन सारख्या होड्या ठेवायच्या तर कुणाची परवानगी काढावी लागते, याची चौकशी मी पाटबंधारे खात्यात सुरू केली आहे. एक होडी पुरणार नाही. शर्यत लागायची तर दोन हव्यात, आणि दोन्ही अगदी एकसारख्या.